पोथीरक्षण आणि सूक्ष्मपट

सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींच्या असन्निधानात साधकाला आधार राहिला तो स्मरणाचा. नाम, लीळा, मूर्ती आणि चेष्टा या चारांचे स्मरण हा पंथाच्या साधनेचा गाभा होय. या चारांपैकी लीळा आज आपल्यापर्यंत पोचली आहे ती ग्रंथाच्या द्वारे. म्हणून ग्रंथाचे रक्षण हे केवळ कागदाचे रक्षण नव्हे, ते स्मरणाच्या साधनाचे रक्षण आहे. पोथी गेली तर कागदच जातो असे नाही. पुढील पिढीच्या स्मरणातील एक आलंबनही जाते. या दृष्टीने पाहता जुन्या पोथ्या, शिवलेली बाडे, अन्वयस्थळाच्या नोंदी आणि मठाश्रमांची दप्तरे यांच्या सूक्ष्मपटाचा, म्हणजे मायक्रोफिल्मचा, विचार यंत्राचा विचार म्हणून बाजूस सारता येत नाही. तो पंथाच्या आचाराशी निगडित असा विषय आहे.

सूक्ष्मपट कसा तयार होतो, त्याने काय राखले जाते, काय राखले जात नाही, आणि पोथी ज्यांच्या स्वाधीन आहे त्यांनी तो करून घेताना कोणती दक्षता बाळगावी, हे मुद्दे प्रस्तुत लेखात क्रमाने पाहावयाचे आहेत.

१. मूळ प्रतीचा वियोग

म्हाइंभटांनी लीळाचरित्राची रचना इ. स. १२७८ च्या सुमारास रिद्धपूर येथे श्रीनागदेवाचार्यांच्या सान्निध्यात केली. ज्याने जी लीळा पाहिली वा ऐकली, त्याच्यापर्यंत जाऊन ती मिळवावी, आचार्यांकडून तिची शहानिशा करून घ्यावी आणि मग ती लिहावी, अशी त्यांची पद्धती होती. ग्रंथ सिद्ध झाला. परंतु चौदाव्या शतकाच्या प्रारंभी खलजी आक्रमणाच्या धामधुमीत त्याची मूळ प्रत नाहीशी झाली, असे पंथाची परंपरा सांगते. त्यानंतर ज्यांना ग्रंथ मुखोद्गत होता त्यांच्या आठवणीतून तो पुन्हा उभा करण्यात आला. हिराइसांचा पाठ हा त्यांतील विशेष प्रसिद्ध होय.

या घटनेपासून दोन बोध निघतात. पहिला असा की, एकच प्रत असणे म्हणजे ग्रंथ असुरक्षित असणे. प्रत कितीही प्रामाणिक, कितीही थोर हातची असली तरी ती एकटी असेल तर एका धाडीचे, एका आगीचे किंवा एका पुराचे अंतर तेवढे उरते. दुसरा बोध अधिक सूक्ष्म आहे. ग्रंथ परत मिळाला, परंतु तो एका रूपात मिळाला नाही. ज्याच्या स्मरणात जसा होता तसा त्याने सांगितला, आणि त्यातून पाठभेद निर्माण झाले.

२. वासना आणि शोधु

या पाठभेदांच्या बाबतीत पूर्वाचार्यांनी जी वृत्ती ठेवली ती आजच्या कोणत्याही ग्रंथरक्षकाने आदर्श मानावी अशी आहे. एक पाठ खरा ठरवून बाकीचे पुसून टाकणे त्यांना सहज शक्य होते. त्यांनी तसे केले नाही. लीळाचरित्राच्या पोथ्यांमधून मूळ कथनाच्या शेजारीच ‘वासना’, ‘शोधु’ अशा खुणांनी भिन्न पाठ नोंदविलेले आढळतात. येथे वासना हा शब्द व्यवहारातील अर्थाने घ्यावयाचा नाही. एखाद्याच्या स्मरणात असलेला वेगळा पाठ, असा त्याचा येथील अर्थ आहे. ज्याच्याकडून पाठ मिळाला त्याचे नावही अनेक ठिकाणी दिलेले असते. मतभेद झाकून ठेवण्यापेक्षा मतभेदासह ग्रंथ पुढे देणे त्यांना अधिक सत्याचे वाटले.

आता हाताने केलेल्या नकलेचे स्वरूप पाहावे. लेखक श्रद्धाळू असला तरी तो माणूस असतो. कोठे ओळ गळते, कोठे जुना शब्द न कळल्यामुळे त्याच्या जागी ओळखीचा शब्द येतो, कोठे समासातील टीप मूळ मजकुरात शिरते. सकळ, सुंदरी इत्यादी लिप्यांतील पोथी जेव्हा देवनागरीत उतरवली जाते तेव्हा लिपीच्या खुणा तर जातातच, शिवाय एका अक्षराबद्दल दुसरे समजले जाण्याचा संभव राहतो. या लिप्यांची किल्ली पंथाबाहेरील अभ्यासकांना विसाव्या शतकाच्या आरंभीच्या काळात मिळाली आणि वि. का. राजवाडे, वि. ल. भावे यांच्या लेखनामुळे महाराष्ट्राला या वाङ्मयाची ओळख झाली. परंतु उतरवून घेतलेल्या प्रतीत मूळ लिपी दिसत नाही, आणि उतरवणाराने केलेली चूक पारखण्यास मूळ पोथीच हाती असावी लागते.

छायाचित्र मात्र काही सुधारत नाही. त्यात वासना वासनेच्या जागी राहते, शोधु शोधूच्या जागी राहतो. समासातील बारीक अक्षर, ओळीखाली घातलेले काकपद, हरताळ फासून खोडलेला शब्द, शेवटच्या पत्रावरील पुष्पिका, मागील पानावर कोणी सहज टिपून ठेवलेली गावांची नावे, हे सारे जसेच्या तसे उतरते. पूर्वाचार्यांनी जी निःपक्षपाती वृत्ती बुद्धिपूर्वक ठेवली, ती भिंगाच्या ठायी स्वभावतःच असते. सूक्ष्मपटाचे पहिले महत्त्व येथे आहे.

३. सायखेड्याचा दाखला

पोथीला धोका कोठून येतो हे समजण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यात गोदावरीच्या तीरावर सायखेडा हे गाव आहे. समोरच्या तीरावर चांदोरी आहे. याच तालुक्यातील मौजे सुकेणे हे पंथीयांच्या परिचयाचे ठिकाण होय. नदीच्या खालच्या अंगाला नांदूर मध्यमेश्वर येथे गोदावरी आणि कादवा यांच्या संगमापाशी विसाव्या शतकाच्या आरंभी बांधलेला बंधारा आहे. पावसाळ्यात घाटमाथ्यावर पाऊस वाढून गंगापूरसह वरच्या धरणांतून विसर्ग वाढला, म्हणजे गोदावरी पात्र सोडते आणि पाणी सायखेडा-चांदोरीच्या वस्तीत व बाजारपेठेत शिरते. २०१६ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०१९ च्या ऑगस्टमध्ये या दोन्ही गावांनी असे मोठे पूर पाहिले. घरे आणि दुकाने पाण्याखाली गेली आणि माणसांना सुरक्षित स्थळी हलवावे लागले.

अशा वेळी घरातील माणूस प्रथम लेकराबाळांना बाहेर काढतो, मग गुरे सोडतो, मग जमल्यास धान्य वर चढवतो. देवघरातील किंवा कोनाड्यातील बासनाकडे त्याचे लक्ष जाईपर्यंत पाणी तेथे पोचलेले असते. यात दोष कोणाचाच नाही. जीव राखणे हा पहिला धर्म आहे. परंतु म्हणूनच पोथीचे रक्षण पुराच्या दिवशी करता येत नाही. ते कोरड्या दिवसांत करून ठेवावे लागते.

जुन्या पोथीचे पाण्याने काय होते हेही समजून घ्यावे. दौलताबाद-जुन्नरकडील हातकागद चिवट असतो. काजळाची शाई उन्हाने सहसा उडत नाही. परंतु ही शाई डिंकात घोटलेली असते. पाणी लागताच डिंक सैल होतो, अक्षर पसरते आणि समोरच्या पानावर उमटते. पाने एकमेकांना चिकटून बाडाची वीट बनते. दमट उबेत साधारणपणे दोन दिवसांत बुरशी धरू लागते. घाईने पाने सोडवू गेल्यास अक्षरांसह कागदाचा पापुद्रा निघून येतो. सुट्या पत्रांच्या पोथीपेक्षा शिवलेल्या बाडाचा धोका अधिक, कारण त्याच्या शिवणीत पाणी साचून राहते आणि आतील भाग लवकर वाळत नाही.

नदीकाठच्या गावाने नदी सोडून जावे असे कोणी म्हणणार नाही. गोदातीर हे तर लीळांचे क्षेत्र आहे. प्रश्न एवढाच की, नदीकाठच्या पोथीची एक छाया नदीपासून दूर ठेवलेली आहे किंवा नाही.

४. सूक्ष्मपट म्हणजे काय

इंग्लंडमध्ये जॉन बेंजामिन डान्सर याने १८३९ साली मजकुराचे अतिशय लहान छायाचित्र काढून दाखविले. १८७०-७१ मध्ये पॅरिस शहराला वेढा पडला असता रने दाग्रों याने पत्रांचे सूक्ष्मपट करून ते कबुतरांच्या पिसांना बांधून शहरात पाठविले. विसाव्या शतकात प्रथम बँकांनी आणि नंतर ग्रंथालयांनी व अभिलेखागारांनी ही पद्धती उचलली.

तिचे तत्त्व सोपे आहे. पोथीचे पान दहा ते वीस पट लहान करून फितीवर उतरवितात. पोथ्यांसाठी ३५ मिलीमीटर रुंदीची, कडेला छिद्रे नसलेली फीत घेतात. एका रिळाची लांबी साधारणपणे ३० मीटर असते आणि त्यावर सुमारे ६०० चौकटी बसतात. उघडलेल्या बाडाची समोरासमोरील दोन पाने एका चौकटीत घेतली तर २०० पत्रांच्या बाडाला सुमारे २०० चौकटी लागतात. म्हणजे अशी तीन बाडे तळहातावर मावणाऱ्या एका रिळात येतात. वाचताना रीडर यंत्राच्या पडद्यावर अक्षर पुन्हा मोठे होते. यंत्र नसले तरी भिंग आणि उजेड यांच्या साहाय्याने फितीवर काय आहे हे कळू शकते.

रीळ एकच करून भागत नाही. पहिले रीळ ही मूळ निगेटिव्ह असते. ती वाचावयाची नसते. ती फक्त जपून ठेवावयाची. तिच्यावरून दुसरी निगेटिव्ह काढतात, आणि त्या दुसरीवरून अभ्यासकांच्या वापरासाठी पॉझिटिव्ह प्रती तयार करतात. वापरातील प्रत झिजली तर दुसरीवरून नवी निघते आणि मूळ निगेटिव्हला हात लागत नाही.

५. चित्रणाची शिस्त

बाडाचे चित्रण करताना पुढील गोष्टी सांभाळाव्या लागतात.

पहिली गोष्ट यादीची. चित्रण करण्यापूर्वी प्रत्येक बाडाची पत्रे मोजावी, क्रमांक नसल्यास कोपऱ्यात मऊ शिसपेन्सिलीने हलकेच घालावे, आणि कोणते पत्र गहाळ आहे, कोणते उलटसुलट शिवले गेले आहे, हे टिपून ठेवावे. इयान रेसाइड या इंग्रज अभ्यासकाने १९६० साली महानुभाव ग्रंथांची वर्णानुक्रम सूची लंडनमध्ये प्रसिद्ध केली. त्या सूचीचा उपयोग पुढील अभ्यासकांना किती झाला हे लक्षात घेतले म्हणजे यादीचे मोल कळते. जे यादीत नाही ते हरवले तरी कोणाला कळत नाही.

दुसरी गोष्ट बाडाच्या शिवणीची. बाड सपाट उघडण्यासाठी दाबले तर शिवण उसवते. दोन्ही बाजूंना कमीजास्त उंचीचा आधार देणारी घोडी वापरावी आणि वर स्वच्छ काच हलकेच टेकवावी. जेथे शिवणीत अक्षर दबलेले असेल तेथे एकेका पानाचे स्वतंत्र चित्र घ्यावे. शिवण कापून पाने सुटी करण्याचा मोह आवरावा. बाड कसे शिवले गेले, कोणते ग्रंथ एकत्र बांधले गेले, हीही एक साक्षच असते.

तिसरी गोष्ट काहीही न गाळण्याची. कोरे पानही चित्रित करावे, नाहीतर पुढे पाहणाऱ्याला ते कोरे होते की राहून गेले हे समजत नाही. पानात ठेवलेली चिठी असेल तर एकदा चिठीसह आणि एकदा चिठी उचलून, अशी दोन चित्रे घ्यावी. गहाळ पत्राच्या जागी ‘पत्र गहाळ’ असा फलक ठेवून त्याचे चित्र घ्यावे. रिळाच्या आरंभी ग्रंथाचे नाव, लिपी, स्थान, पत्रसंख्या आणि मोजपट्टी यांचे चित्र असावे, आणि अक्षरांची स्पष्टता पारखण्यासाठी बारीक रेघांचा कसोटीफलकही घ्यावा.

चौथी गोष्ट रंगाची. सूक्ष्मपट बहुधा कृष्णधवल असतो. पोथ्यांमध्ये लीळांचे क्रमांक, दंड, विरामखुणा किंवा बोलणाऱ्याचे नाव हिंगुळाने अथवा गेरूने तांबडे केलेले असते. सर्व रंग ग्रहण करणाऱ्या फितीवर तांबडी शाई फिकी उतरते. भिंगावर हिरवी काच लावली तर ती काळी व ठळक उतरते. पण कोणत्याही रीतीने घेतले तरी तांबडे कोणते आणि काळे कोणते हा भेद फितीवर राहत नाही. हरताळाचा पिवळा लेपही राखाडी दिसतो. म्हणून रंगांची टीप सोबतच्या नोंदवहीत लिहून ठेवावी. सूक्ष्मपट जे राखत नाही ते लेखणीने राखावे.

फीत धुतल्यानंतर तिच्यात रसायनाचा अंश उरला तर काही वर्षांनी अक्षर उडू लागते. म्हणून धुलाईची परीक्षा करून घ्यावी आणि प्रत्येक चौकट बाडाशी ताडून पाहावी. जेथे अक्षर अस्पष्ट असेल तेथे पुन्हा चित्र घ्यावे. हे ताडून पाहण्याचे काम ज्याला ती लिपी वाचता येते त्यानेच करावे. केवळ छायाचित्रकाराला हा भार सोपवू नये.

६. पोथी बाहेर जावी काय?

मठाधिपतींच्या आणि वासनिकांच्या मनात या कामाविषयी जो संकोच असतो तो अकारण नाही. पोथी पाहावयास म्हणून नेली आणि परत आली नाही, असा अनुभव पुष्कळ घरांतून ऐकावयास मिळतो. पंथाने आपले ग्रंथ सांकेतिक लिपींत जपले, त्यामागेही रक्षणाचीच भावना होती असे मानले जाते. तेव्हा ‘सूक्ष्मपट केला की ज्ञान चव्हाट्यावर येईल आणि पोथी हातची जाईल’ या शंकेचा शांतपणे विचार केला पाहिजे.

या बाबतीत गोव्याचे उदाहरण बोधप्रद आहे. गोव्याच्या पोर्तुगीज सरकारचा लिस्बनशी होणारा पत्रव्यवहार मोसमी वाऱ्यांबरोबर जाणाऱ्या-येणाऱ्या गलबतांतून चाले. त्या कागदांचे बांधलेले खंड मोसमी ग्रंथ या नावाने ओळखले जातात, आणि मराठ्यांच्या इतिहासाचीही बरीच साधने त्यांत आहेत. अठराव्या शतकात त्यांपैकी साठांवर खंड लिस्बनला नेण्यात आले. ते तेथेच राहिले. पुढे १९५० च्या दशकात लिस्बनमध्ये सागरपार प्रदेशांच्या कागदपत्रांसाठी सूक्ष्मपटांचे भांडार स्थापन झाले आणि गोव्यातील दप्तराचे चित्रण करण्यात आले. डॉ. पांडुरंग पिसुर्लेकर त्या वेळी गोव्याच्या दप्तरखान्याचे प्रमुख होते. या खेपेस समुद्रापार गेल्या त्या फिती. खंड पणजीतच राहिले. ग्रंथ नेणे आणि ग्रंथाची छाया नेणे यांतील अंतर याहून स्पष्ट करणारा दाखला मिळणे कठीण.

हरिद्वारच्या पंड्यांच्या वंशावळींच्या वह्यांचेही असेच झाले. त्र्यंबक-नाशिकच्या तीर्थोपाध्यायांकडे असतात तशाच या वह्या पिढ्यान्‌पिढ्या एकेका घराण्याच्या ताब्यात आहेत. अमेरिकेतील युटा येथील वंशावळी संस्थेने त्यांचे सूक्ष्मपट केले. वह्या पंड्यांकडेच राहिल्या. या संस्थेने आपल्या मूळ निगेटिव्ह डोंगराच्या पोटात कोरलेल्या भांडारात ठेवण्याची व्यवस्था केली आहे. काठमांडू येथे नेपाळ आणि जर्मनी यांच्या सहकार्याने १९७० पासून सुमारे तीन दशके जे चित्रण चालले त्यात १ लाख ८० हजारांच्या आसपास हस्तलिखितांच्या फिती तयार झाल्या. खासगी घरांतील आणि विहारांतील हस्तलिखितांचाही त्यांत समावेश होता. महाराष्ट्रात पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर, भारत इतिहास संशोधक मंडळ आणि आनंदाश्रम या संस्थांमधील हस्तलिखितांचे सूक्ष्मपट दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने करून घेतले. त्या केंद्राकडे आज वीस हजारांहून अधिक रिळे आहेत.

या सर्व उदाहरणांतून एक रीत दिसते. कॅमेरा पोथीकडे येतो. पोथी कॅमेऱ्याकडे जात नाही. ज्याची पोथी त्याच्याच छपराखाली, त्याच्याच डोळ्यांदेखत चित्रण होते. या रीतीला लेखी कराराची जोड द्यावी. मूळ पोथीचे स्वामित्व कोणाचे, निगेटिव्ह कोठे राहील, पॉझिटिव्हची एक प्रत मठाला विनामूल्य मिळेल की नाही, ग्रंथ छापावयाचा झाल्यास अनुमती कोणाची घ्यावी, ही कलमे आधी लिहून घ्यावीत. संकोच दूर करण्याचा उपाय उपदेश हा नसून स्पष्ट करार हा आहे.

राहिला प्रश्न ज्ञान चव्हाट्यावर येण्याचा. येथे श्रीनागदेवाचार्यांचा केशिराजबासांना झालेला निषेध आठवावा. संस्कृतात लिहू पाहणाऱ्या केशिराजबासांना आचार्यांनी थांबविले, ते अशासाठी की त्यामुळे साध्याभोळ्या वृद्ध स्त्रिया ज्ञानाला मुकतील. ज्या पंथाने ग्रंथाच्या भाषेचा निर्णय सर्वांत दुबळ्या वाचकाकडे पाहून केला, त्या पंथात रक्षण या शब्दाचा अर्थ कुलूप असा होऊ शकत नाही. सांकेतिक लिपी हे अपात्राच्या अवहेलनेपासून केलेले रक्षण होते. अधिकारी साधकापासून ग्रंथ दूर ठेवण्यासाठी ती नव्हती. मूळ निगेटिव्ह कुलपात असावी. वाचनाची प्रत मात्र जिज्ञासूला मिळावी. दोन्ही गोष्टी एकाच वेळी साधणे सूक्ष्मपटामुळे शक्य होते.

७. फितीची निगा

फीत तयार झाली म्हणजे काम संपले असे समजू नये. फीतही नाशवंत आहे. जुन्या काळी फितीचा पाया ॲसिटेटचा असे. उष्ण व दमट हवेत तो कुजू लागतो आणि डबा उघडताच शिरक्यासारखा आंबूस वास येतो. असा वास आला तर ते रीळ ताबडतोब वेगळे काढून त्याची नवी प्रत करावी, कारण हा दोष शेजारच्या रिळांनाही लागतो. पॉलिस्टरच्या पायाची चांदीयुक्त फीत योग्य रीतीने धुतली आणि ठेवली तर पाचशे वर्षे टिकेल असे शास्त्रज्ञांचे अनुमान आहे. योग्य रीतीने म्हणजे सुमारे २१ अंश सेल्सिअसहून कमी तापमानात आणि ५० टक्क्यांहून कमी आर्द्रतेत. नाशिककडील पावसाळ्यात साध्या खोलीत इतकी कोरडी हवा मिळत नाही. पत्र्याच्या छपराखालचे लोखंडी कपाट तर फितीला पोथीहूनही वाईट. तेव्हा मूळ निगेटिव्ह वातानुकूलित भांडार असलेल्या संस्थेत ठेवणे श्रेयस्कर.

निगेटिव्ह, दुसरी प्रत आणि मूळ पोथी या तिन्ही एकाच गावी असतील तर तीन प्रती असूनही रक्षण एकाच प्रतीचे झाले. सायखेड्याचे पाणी पोथीच्या कपाटाला आणि फितीच्या कपाटाला वेगळे ओळखत नाही. मूळ पोथी गोदाकाठी आपल्या ठिकाणी, निगेटिव्ह उंचावरील दूरच्या शहरात आणि वाचनाची प्रत तिसऱ्या ठिकाणी, असा विभाग केला तरच धाड, आग किंवा पूर यांपैकी काहीही आले तरी ग्रंथ शिल्लक राहतो.

प्रसंग येऊन फीत भिजलीच तर ती तशीच वाळू देऊ नये. वाळताना वेटोळी एकमेकांना चिकटतात आणि चित्र सोलून निघते. ती स्वच्छ थंड पाण्यात बुडवून ठेवून दोन-तीन दिवसांच्या आत जाणकार प्रयोगशाळेकडे पोचवावी. भिजलेल्या बाडाच्या बाबतीत मात्र याच्या उलट करावे. त्याचे पान उलगडू नये, उन्हात घालू नये. शाई न लागलेल्या टिपकागदात अलगद दाबून, वारा खेळेल अशा सावलीत ठेवावे आणि जाणकाराला बोलवावे.

८. संगणकाच्या काळात सूक्ष्मपट

आज संगणकीय छायाचित्रणाचा काळ आहे. केंद्र सरकारने २००३ साली राष्ट्रीय पांडुलिपी मिशन सुरू केले, आणि २०२५ च्या अर्थसंकल्पात ज्ञान भारतम् या योजनेची घोषणा होऊन १ कोटीहून अधिक हस्तलिखितांची पाहणी, नोंद व जतन करण्याचा संकल्प जाहीर झाला. संगणकीय चित्रात रंग टिकतो, हिंगूळ आणि काजळ वेगळे दिसतात, आणि एका क्षणात प्रत दूर देशी पाठविता येते. हे लाभ मोठे आहेत आणि ते नाकारण्याचे कारण नाही.

तथापि संगणकीय चित्र वाचण्यासाठी यंत्र, त्या यंत्राची भाषा आणि वीज या तिन्हींची गरज लागते, आणि यंत्राची भाषा काही वर्षांनी पालटते. दर काही वर्षांनी कोणीतरी ती चित्रे नव्या साधनांवर उतरवून घ्यावी लागतात. ज्या मठात हे काम करणारा शिष्य एका पिढीत नसेल तेथे साठविलेली चित्रे सुस्थितीत दिसूनही उघडत नाहीत. फितीचे तसे नाही. तिला भिंग आणि उजेड पुरतो. शिवाय फितीवरून संगणकीय प्रत केव्हाही काढता येते. म्हणून शहाणपण असे की, वापरासाठी संगणकीय चित्र असावे आणि जेथे शक्य असेल तेथे दीर्घ रक्षणासाठी सूक्ष्मपट असावा. जेथे पूर्वी केलेले सूक्ष्मपट आहेत तेथे ते कालबाह्य म्हणून टाकून देऊ नयेत. त्यांतील कित्येकांचे मूळ कागद त्यानंतर अधिक जीर्ण झालेले असतात, आणि चित्रणाच्या दिवशी जे अक्षर वाचता येत होते ते आता फक्त फितीवरच वाचता येते.

९. तात्पर्य

म्हाइंभटांनी लीळा मिळविण्यासाठी वाटा तुडविल्या. पुढच्यांनी गेलेला ग्रंथ स्मरणातून उभा केला, आणि त्यानंतरच्यांनी वेगवेगळे पाठ न पुसता लिहून ठेवले. या तिन्ही पिढ्यांनी आपापल्या काळातील साधन वापरले. आजच्या पिढीच्या हाती सूक्ष्मपट आणि संगणक ही साधने आहेत, परंतु स्मरणाचे ते बळ आज क्वचितच कोणाच्या ठायी आढळते. आज एखादी पोथी गेली तर ती मुखातून पुन्हा सांगणारी हिराइसा मिळेल असा भरवसा धरता येत नाही. हा फरक जाणून घेतला म्हणजे कामाची निकड पटते.

वासनिकाने आपल्यापुरती सुरुवात कोठून करावी, असे कोणी विचारील. कॅमेरा आणण्याच्या आधी करण्यासारखे काम प्रत्येक घरी आहे. बासन सोडावे, पत्रे मोजावी, ग्रंथाचे नाव, लिपी, आदिअंत आणि पुष्पिका एका वहीत उतरवावी, आणि त्या वहीची एक नक्कल दुसऱ्या गावच्या आप्ताकडे ठेवावी. बासन जमिनीलगतच्या कोनाड्यातून काढून माडीवर न्यावे. एवढे काम येत्या पावसाळ्यापूर्वी, एका दुपारी, होण्यासारखे आहे.